विमानाचा क्लच

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं सांगायला मला बरं पडेल. गाढवपणा सगळा माझाच आहे.

मी भोकरचा. एकतीस वर्षं एसटी चालवली, कुणाला खरचटूसुद्धा दिलं नाही. त्याचा बिल्ला मिळालाय, तो मी लग्नकार्यातही छातीवर लावून जातो. माझी लेक मित्रा लातूरजवळच्या धावपट्टीवर विमान शिकली. लायसन हातात आलं, तिथंच शिकवायची नोकरीही ठरली, फक्त ऑर्डर यायची राहिली होती. त्या आनंदात म्हणाली, बाबा, तुम्हाला एक चक्कर मारून आणते.

आता नको कोण म्हणेल? बिल्ला लावून तिच्या शेजारी जाऊन बसलो. विमान ते केवढं! आमच्या गाडीची केबिन त्याहून ऐसपैस. मित्रानं माझा पट्टा आवळला आणि ताकीद दिली, कशालाही हात लावायचा नाही. नाही लावला हो. शपथेवर सांगतो.

विमान पळायला लागलं आणि माळावरून वाऱ्याचा असा झोत आला, की तोंड डावीकडं वळायला लागलं. मित्रा सावरत होती. पण माझ्या पायांना ते कुठं ठाऊक? त्यांना समोर दोन पेडलं दिसली, त्यांनी एकतीस वर्षांची सवय पाळली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आम्ही गवतात! पुढचं चाक काळ्या मातीत रुतलं, पंख्याचं एक पातं वाकलं.

लागलं कुणालाच नाही. मी तर मनातून खुशीत होतो.

ऑफिसात मोठे सर कागद घेऊन बसले. मित्रा म्हणाली, वारा होता, पण चूक माझीच. उजवा पाय सगळा जोर लावून दाबला तरी विमान डावीकडं कसं गेलं, कळत नाही. सर हळूच म्हणाले की, मग ऑर्डर थांबवावी लागेल. पोर रडली नाही, नुसती खाली बघत राहिली. मला ते बघवेना.

मी उठलो. "सायेब, पोरीला बोलू नका. मी होतो म्हणून वाचलो. वारा लागला तसा मी क्लच न् ब्रेक दोन्ही दाबले. क्लच तर पार खालपर्यंत."

सरांनी पेन खाली ठेवलं. "क्लच कुठला, काका?"

"डाव्या पायाचा."

"विमानाला क्लच नसतो. तुमची पेडलं तिच्या पेडलांना जोडलेली असतात. डावा पाय दाबला की ते डावीकडं वळतं."

मी मटकन खाली बसलो. मित्राचे खांदे हलत होते. वाटलं, रडली शेवटी. बघतो तर हसून राहिली!

सरांनी तिचा कागद बाजूला सारला आणि कोरा माझ्याकडं सरकवला. त्यावर मी सगळं कबूल केलं. सही करायच्या आधी बिल्ला काढून खिशात टाकला. एकतीस वर्षांत रस्त्यावर एक अपघात नाही, आणि पहिला केला तो विमानाचा!

पंधरा दिवसांनी मित्राची ऑर्डर आली. परवा तिनं मला पुन्हा विमानात बसवलं, यावेळी मागच्या सीटवर. तिथं एकही पेडल नाही, तरी म्हणाली, "बाबा, मांडी घालून बसा." बसलो. वरून लातूर लई छान दिसतं म्हणे. मला काही दिसलं नाही. सगळा वेळ मी माझ्या पायांवर नजर ठेवून होतो.