यानाच्या गोष्टीला हूं

"तीन महिने. फार तर चार. मग परत येईल ती," बाबा मामाला म्हणाले.

मिरज स्टेशनवर मी त्यांच्या पाठीमागेच उभी होते, भरून आणलेली पाण्याची बाटली हातात धरून. त्यांना वाटलं मी अजून नळावरच आहे. मामा म्हणाला, "पण दाजी, नोकरी चांगली आहे की." बाबा हसले. "नोकरीचं नाही रे. हिला दुकानात पेन आणायला पाठवलं तर दुकानदार आपणहून विचारेपर्यंत उभी राहते. तिथं जाऊन तमिळमध्ये काय मागणार आहे?"

मी दोन पावलं मागे सरकले आणि चप्पल वाजवत पुन्हा आले. बाबांनी बाटली घेऊन झाकण नीट लागलंय का ते पाहिलं. आई डब्यातल्या बाईंना सांगत होती, "जरा लक्ष ठेवा हं, बोलत नाही ती." बंगळूरची गाडी हलली. मी हात हलवला, आणि बोलायचं होतं ते सगळं नेहमीसारखं गाडी सुटल्यावर सुचलं.

आमच्या सांगलीच्या घरात मला बोलायची वेळच फारशी आली नाही. पाहुण्यांनी कितवीत आहेस विचारलं की बाबा सांगायचे. डॉक्टरांनी कुठं दुखतंय विचारलं की आई म्हणायची, "तिचं मी सांगते." शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं उत्तरं पाठ असायची, ती म्हणता यायची. स्वतःचं काही सांगायचं तर ते कुठल्या भाषेत सांगायचं, हे मला कधी ठरवावं लागलं नाही. लोक म्हणायचे, शांत आहे. मी शांत नव्हते. आत सारखं काहीतरी चालू असायचं, अजूनही असतं.

तंजावरच्या एका भात संशोधन संस्थेत मला प्रयोगशाळेत काम मिळालं होतं. आसपासच्या पापनाशमकडून, ओरत्तनाडूकडून ओल्या भाताचे नमुने पोत्यांतून येतात. ते वाळवायचे, ओल मोजायची, दळताना दाणा किती तुटतो ते बघायचं. काम मला पहिल्या दिवसापासून आवडलं. पण सहानंतर काय करायचं ते कळत नव्हतं. भाड्याच्या खोलीवर येऊन मी गच्चीत पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारायचे. फोनवर मिरजेच्या गाड्यांच्या वेळा बघायचे. तिकीट काढायचं नसायचं, नुसत्या बघायच्या. बॅगेतले कपडे मी बाहेर काढलेच नव्हते. लागेल तो काढायचा, धुऊन वाळला की घडी करून परत बॅगेत. कपाट रिकामं आणि बॅग खाटेखाली, दाराच्या बाजूला तोंड करून.

रोज आईचा फोन यायचा. "जेवलीस का? भातच असेल. कंटाळली असशील ना? मला माहीत आहे." मी तोंड उघडायच्या आत माझं उत्तर तिकडून आलेलं असायचं. मग बाबा फोन घ्यायचे. त्यांच्या एका मित्राच्या पुण्यातल्या कंपनीत जागा होती. "दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे तो. मी हो म्हणून टाकू का?" मी म्हणायचे, "बघते." हे 'बघते' मी आषाढापासून म्हणत होते.

माझी खोली अण्णांच्या घरात वरच्या मजल्यावर आहे. अण्णा वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंते. ते आणि काकू, दोघंच. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. मी सामान घेऊन आले त्या दिवशी काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "ये गे पोरी. बैस. प्रवास बहुत झाला." मी बघतच राहिले. शब्द ओळखीचे, पण चाल तमिळची, आणि मधूनच एखादा शब्द असा की तो आमच्याकडे पणजीबरोबर गेला असावा. मला इतकं काही वाटलं, आणि तोंडातून काय निघालं तर "थँक्यू". मग मी जिना चढून गेले.

नंतर एकदा जिन्यात चप्पल शोधत होते तेव्हा खालून ऐकू आलं. काकू विचारत होत्या, "महाराष्ट्रातली ना ही? मग हिला मराठी येत नाही का?"

"इंग्लिश शाळेची पोरं," अण्णा म्हणाले. "त्यांस काहीच येत नाही. पावम्."

पावम् म्हणजे बिचारी. मला हसू आलं आणि रागही आला. तरी मी खाली गेले नाही.

खाली नेलं ते एका जुन्या मालिकेनं. एका रविवारी अण्णा जिना चढून वर आले आणि दारातूनच म्हणाले, "एक काम होतं. नको असेल तर नको म्हण."

अण्णा तरुणपणी ओरत्तनाडूला नोकरीला होते. तेव्हा तिथं आपलं दूरदर्शन दिसायचं नाही, पण उंच बांबूवर अँटेना बांधून दक्षिणेकडे फिरवली की समुद्रापलीकडून लंकेचा टीव्ही लागायचा. त्यावर एक इंग्रजी मालिका यायची, अवकाशात फिरणाऱ्या यानाची. अर्धा पडदा मुंग्यांनी भरलेला, आवाज वाऱ्याबरोबर येणार-जाणार. एक जण छपरावर बांबू धरून उभा राहायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "थोडं डावीकडे! बास, बास, हलू नको!" मग अण्णांची बदली झाली आणि यानाचं पुढं काय झालं ते राहूनच गेलं. आता अमेरिकेतल्या मुलीनं त्यांना ती सगळी मालिका पाठवली होती. अण्णांना कमी ऐकू येतं, पण ते खालची इंग्रजी अक्षरं वाचू शकतात. काकूंना इंग्रजी येत नाही.

"मी वाचूं की हिला सांगूं?" अण्णा म्हणाले. "दोन्ही होत नाही. तू सांगशील का?"

नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं. मी गेले.

विज्ञानकथेची मालिका मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. कॉलेजात मैत्रिणी तासन् तास त्यावर बोलायच्या आणि मी मान हलवायचे. ही तर इतकी जुनी की प्रत्येक ग्रहावर तोच खडक, फक्त रंग वेगळा. दार उघडताना होणारा आवाज बहुधा कुणीतरी तोंडानं काढलेला. गोष्ट साधी होती. एका जगातली माणसं, त्यांचं जग राहण्याजोगं उरलेलं नाही, म्हणून यानातून नवी जागा शोधत निघालीत. कप्तान आहे, त्याचं कुणाशी पटत नाही. आणि त्याच्या डाव्या हाताला राखाडी कपड्यातली एक दुभाषी बसते. कुठल्याही ग्रहावरचं कुणीही बोललं की ते काय म्हणाले ते ती सांगते.

मी सुरुवात केली. "ते आता म्हणतायत की इथं उतरू नका." मी थांबले. काकूंनी विळीवरून मान वर केली आणि अण्णांना म्हणाल्या, "हूं म्हणायला पाहिजे. न म्हणतां पोर सांगेल कशी?"

त्यांच्या घरात गोष्ट सांगायची रीत ठरलेली होती. काकूंचे वडील हरिकथा करायचे. सांगणाऱ्यानं वाक्य पुरं केलं की ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. मध्ये आपलं घुसडायचं नाही, प्रश्न असेल तर हूं म्हणून झाल्यावर. हूं थांबलं तर सांगणारा थांबतो. आणि एकदा धरलेली गोष्ट पुरी करून, शेवटी गोडधोड वाटून मंगळ केल्याशिवाय सोडायची नाही. काकू म्हणाल्या, "टीव्हीतली असली म्हणून काय? गोष्टच ना."

तेव्हापासून रोज दिवा लावून झाला की आम्ही तिघं बसायचो. मी एक वाक्य सांगायचे, काकू म्हणायच्या, हूं. पुढचं वाक्य, हूं. सुरुवातीला मराठी शब्द सापडायचे नाहीत. मी मध्ये इंग्रजी घालायचे, काकू तमिळ घालायच्या, आणि यान पुढं जायचं. त्यांचे प्रश्न अण्णांना आवडायचे नाहीत.

"हूं. पण हे जेवतात केव्हां?"

"अगे, शत्रू आलाय दारांत!"

"शत्रू आला म्हणून भूक राहते का? इतके दिवस निघालेत, कोणी भात शिजवलेला दिसला नाही मला."

मी हसले. मोठ्यानं. अण्णांनी कानात यंत्र नव्हतं तरी वळून पाहिलं.

काही दिवसांत मी प्रयोगशाळेतून घरी भरभर येऊ लागले. येता येता कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे काकूंसाठी मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा घ्यायचे, मोडक्या तमिळमध्ये मागून. ती माझी नक्कल करायची, मी तिची. आईला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांगायला गेले की ती म्हणायची, "म्हातारी माणसं राबवून घेतात हं, सांभाळ." आणि विषय पुण्याकडे वळायचा. फोन ठेवल्यावर मी पुन्हा टाकीभोवती फिरायचे. खाली तासभर नीट बोलणारी मुलगी वर येऊन 'बघते' म्हणायची, याचा मला त्रास होऊ लागला होता.

एका संध्याकाळी दुभाषी पडद्यावर होती. कप्तान आणि कुठला तरी राजा भांडत होते, आणि ती दोघांचं एकमेकांना सांगत होती. काकू हूं म्हणाल्या आणि विळी बाजूला ठेवून म्हणाल्या, "ही सगळ्यांचं सांगते. हिचं कोण सांगणार?"

मी त्या दिवशी पुढची दोन वाक्यं सांगायची विसरले.

शेवटचा भाग आला तेव्हा दिवाळी आठवड्यावर होती. काकूंनी सकाळीच गोडाची तयारी केली होती, गोष्टीचं मंगळ व्हायचं म्हणून. बाबांनी दुपारी सांगितलं होतं, "रात्री आठला फोन करतो, त्याला आज हो कळवायचंय." 'हो' हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. स्टेशनवरचे तीन महिने उलटून गेले होते, चारही संपत आले होते.

मालिकेत यान एका हिरव्या ग्रहाजवळ आलं. पाणी होतं, गवत होतं. दार उघडलं, आतून सगळे बाहेर बघायला लागले, आणि पडदा काळा झाला. नावं सरकायला लागली. अण्णांनी रिमोट दाबून पुढं पाहिलं. पुढं काही नव्हतं. मी फोनवर शोधलं. मालिका तिथंच बंद पडली होती. पुढचे भाग कुणी काढलेच नाहीत.

अण्णांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे छपरावर बांबू धरून उभे राहिलों असतों तरी हेंच."

"असं अर्धं सोडतां येत नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग."

"मला काय माहीत काकू? पुढं नाहीच आहे."

"सांगणारीनं पुरं करायचं. माझे बाबा कथेची पोथी घरीं विसरले तरी मंगळ करूनच उठत. सांग गे."

पडद्यावर आता काहीच नव्हतं. मी भाषांतर करावं असं कुणी काही बोलत नव्हतं. मी मांडीवर हात ठेवले. म्हणाले, "ते उतरले."

"हूं."

"काही दिवस राहिले. मग कप्तान म्हणाला, हा ग्रह बरा नाही, पुढं जाऊ."

"हूं."

"तेव्हा दुभाषी म्हणाली, तुम्ही जा. मी इथं राहते."

"असं कसं?" अण्णा म्हणाले. "यानाला दुभाषी लागते."

"हूं म्हणा आधी!" काकू त्यांच्यावर ओरडल्या.

"हूं," अण्णा म्हणाले.

मी सांगत गेले. तिला तिथली भाषा धड येत नव्हती. बाजारात बोटं दाखवून वस्तू घ्यायची. लोक हसायचे, मग तीही हसायची. तिथलं पीक तिला आवडलं, ते हातात घेतलं की किती ओलं आहे हे तिला नुसत्या बोटांनी कळायला लागलं. यानातल्यांची तिला आठवण यायची. ती दर वर्षी त्यांना भेटायला जायची. पण निघताना बॅगेत थोडेच कपडे भरायची, कारण बाकीचे कपाटात असायचे.

काकू प्रत्येक वाक्याला हूं म्हणाल्या. शेवटच्या वाक्यानंतर त्यांनी प्रश्न विचारला नाही. उठल्या आणि केसरी, म्हणजे इकडचा शिरा, आणून माझ्या हातावर घातली, गरमच. अण्णा म्हणाले, "लंकेच्या टीव्हीपेक्षां बरा शेवट केला हिनं." आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

वर आले तेव्हा आठ वाजायचे होते. बॅग बाहेर ओढली आणि कपडे कपाटात लावायला लागले. तळाशी आईनं घातलेला स्वेटर निघाला. तंजावरात त्याचं काय काम, पण आईनं थंडी गृहीत धरली होती. तोही लावला.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलेत आणि ज्यांनी आम्हाला स्टेशनवर सोडलं, त्यांना एवढंच सांगते. सांगलीच्या घरात माझी काळजी होती, मी ती कधी कमी पाहिली नाही. फक्त माझं वाक्य पुरं होईपर्यंत तिथं कुणी थांबलं नव्हतं, आणि मीही कधी थांबा म्हटलं नव्हतं. घर म्हणजे आता मला खालच्या मजल्यावरून येणारं ते हूं वाटतं. सांगलीच्या घरातही ते होईल, कुणीतरी आधी मागायला हवं.

फोन वाजला. बाबा होते. "हां, तर मग मी त्याला—"

"बाबा, थांबा," मी म्हणाले. "आईलाही बोलवा आणि फोन स्पीकरवर ठेवा. मी काय सांगते ते मध्ये न बोलता ऐका, नुसतं हूं म्हणा. पुण्याची नोकरी मी घेत नाही. दिवाळीला येते, पण परत इकडे यायचं तिकीट काढून येते. मला इथं राहायचंय."