विहिरीत उतरताना बरोबर काय घ्यावं

माझे मेहुणे, थोरल्या बहिणीचे यजमान, नौदलात पाणबुडे होते. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून जहाजाच्या बुडाखाली जाणं हे त्यांचं रोजचं काम. बाळापूरकडच्या आमच्या गावात या नोकरीबद्दल अनेक समजुती होत्या. त्यातली सर्वांत सौम्य म्हणजे, ते बोटीत झोपून पगार घेतात.

एकोणीसशे साठनंतरच्या एका उन्हाळ्यात मी अमरावतीच्या कॉलेजातून सुट्टीवर घरी आलो, तेव्हा आमच्या नव्या इंजिनाच्या पाइपाचा व्हॉल्व्ह निसटून विहिरीच्या तळाशी गेला होता. त्याच्याशिवाय पाणी वर चढेना. अकोल्याचा दुकानदार म्हणाला, मुंबईहून मागवावा लागेल. संत्र्याची कोवळी झाडं तेवढी थांबणार नव्हती. अशात बहीण आणि मेहुणे आले. बाबांनी जावयाला चहाआधी विहीर दाखवली आणि गावभर निरोप धाडला.

"हवा आनली का नाही संग?" मामांनी विचारलं.

"हवा सरकारची, मामा. सुट्टीवर देत नाहीत."

पाणी तीन पुरुष खोल होतं. एका दमात जमेल, असं मेहुण्यांचं मत पडलं. सकाळी त्यांनी विहिरीच्या काठावर आपलं सामान मांडलं: काचेचा मुखवटा, कमरेला बांधायची सुरी, दोर आणि झटकन खाली नेणारा एक दगड. आधी कंदील सोडून तो पाण्यापर्यंत जळत राहतो, म्हणजे आतली हवा चांगली आहे, हे पाहिलं.

मग गावाचं सामान यायला लागलं. सरपंचांनी हार आणला होता आणि तो आधीच घालायचा होता, कारण त्यांना दुपारी तालुक्याला जायचं होतं. कुणी नारळ दिला, कुणी ताईत. एकाने फुगवलेली ट्यूब आणली. ती माणसाला बुडू देत नाही, हा तिचा गुण त्याने पुन्हा पुन्हा सांगितला. आई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन उभी. "जवाई उपाशीपोटी इहिरीत उतरन? लोक मले काय म्हनतीन?"

मेहुण्यांनी एकेक वस्तू कपाळाला लावून बाजूला ठेवली, डबासुद्धा. इतक्या आदराने नाकारलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. कुणाला राग आला नाही.

राग दोरावरून आला. मामा तालमीतले. दंड थोपटून म्हणाले, "एका हातानं वर काढतो तुमाले."

"ओढायला तुम्हीच. पण दोर हिच्या हातात."

बहीण बायकांत पदर घेऊन उभी होती.

"काहून? इथले मानसं मेले काय?"

"तिला खुणा कळतात. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा."

बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "जवाईबुवा, चारचौघांत बरं दिसत नाही."

"मग मी आज उतरत नाही."

आमच्या घरात बाबांशी असं कुणी बोलत नसे. ते मान वळवून झाडांकडे पाहत राहिले. पानं दुमडायला लागली होती. शेवटी म्हणाले, "धर व बाई."

पहिल्या बुडीत नुसता गाळ आला. दुसऱ्या बुडीच्या वेळी सरपंच काही बोलत होते आणि लोक ऐकत होते. बहीण दोराकडे पाहत होती.

"ओढा!"

"आत्ता त गेले," मामा म्हणाले.

"मामा, ओढा म्हटलं न!"

त्यांनी ओढलं. दोर अडला, मग एकदम सुटला. मेहुणे वर आले ते ठसकत, निळसर ओठांनी. घोट्याभोवती जुन्या मोटेच्या नाड्याचा, त्या जाड दोराचा, कुजका तुकडा गुंडाळलेला. इंजिन आलं त्या दिवशी बाबांनी तो नाडा टाळ्यांच्या गजरात विहिरीत टाकला होता. जुनं गेलं, असं तेव्हा सरपंच म्हणाले होते. आता दोघेही दुसरीकडे पाहत होते.

दम परतल्यावर मेहुणे म्हणाले, "व्हॉल्व्ह दिसला मला. हातभर लांब आहे. आणखी एकदा जातो."

बहिणीने दोर स्वतःच्या दंडाला गुंडाळून घेतला होता. "आज नाही."

"अगं, हातभर!"

"असू द्या."

सगळे बाबांकडे पाहायला लागले. झाडं त्यांची होती, आणि पोरीला दोन शब्द सुनावण्याचा हक्कही त्यांचाच.

"पुरे," बाबा म्हणाले. "तिनं नाही म्हटलं न."

त्यांनी वहाणा घातल्या आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याकडे निघाले. अजून मोट हाकतो म्हणून वर्षभर ते त्याला मागासलेला म्हणत आले होते. त्याने मोट दिली, बैलही दिले. मात्र त्याआधी बाबांना बराच वेळ उभं ठेवलं, आणि इंजिन कसं काय चालून राहिलं, ते सविस्तर विचारून घेतलं.