आमरीची माती

आमच्या गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात आमरीची, या रानटी ऑर्किडची, पांढरी फुलं येतात. गेल्या उन्हाळ्यात त्यातला एक तुकडा कुणीतरी जेसीबीने खरवडून नेला. पाऊस सरल्यावर तिथे वहिनी बसलेल्या दिसल्या. वहिनी शाळेत विज्ञान शिकवतात. उरलेल्या आमरीच्या मुळांजवळची थोडी माती आणून त्या उघड्या जागेवर पसरत होत्या आणि वर सुकलेल्या बोंडांतलं बी झटकत होत्या.

“नुसतं बी टाकून चालणार नाही का?” मी विचारलं.

“बी कसलं, धूळच ती. तिच्यापाशी शिदोरी नाही. या मातीतली बुरशी भरवते, तेव्हा ती रुजते. पुढे पानं फुटली की झाड बुरशीला साखर देतं.”

बुरशी म्हटलं की मला लोणच्याची बरणी आठवते, कपाटातला चामडी पट्टा आठवतो. पुसून उन्हात टाकायची गोष्ट. इथे मात्र एक बी तिचीच वाट बघत पडून असतं. स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं आपल्याला केवढं कौतुक! पाय फुटण्याआधी आपल्यालाही कुणीतरी भरवलेलं असतं, ते मात्र आपण सोयीने विसरतो.

“फुलं कधी येतील?”

“काही वर्षं जातील. कदाचित येणारही नाहीत. मग पुन्हा माती आणायची, पुन्हा बी टाकायचं.” वहिनींनी रिकामं घमेलं माझ्या हातात दिलं. “आणि भाऊजी, ओंजळभरच आणा. तिथल्यांना उपाशी ठेवायचं नाही.”