हजेरीतला देवीदास

लोकेशच्या आजोबांनी रायपूरच्या उन्हाळ्यातही कधी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला नाही. मे महिन्यात गुढ़ियारीतले बाकीचे म्हातारे बनियनवर ओट्यावर बसायचे आणि देवीदास नंदेश्वर मनगटापर्यंत बटणं लावून. "काय भैया, ड्यूटीवर निघाले का?" असं कोणी चिडवलं की नुसते हसायचे. रेल्वेच्या गँगमध्ये पस्तीस वर्षं रूळ सांभाळलेला माणूस, सवय असेल म्हणून सगळे सोडून द्यायचे.

लोकेशची बायको भावना लग्न होऊन या घरात आली त्यानंतर ते वर्षभरच जगले. त्यांच्याबद्दल तिला दोनच गोष्टी नक्की ठाऊक होत्या. एक ती बाही. दुसरी म्हणजे त्यांचं मूळ गाव साकोलीच्या पुढचं धानोरी, जिथे ते पुन्हा कधी गेले नाहीत. "तिथं आपलं काही नाही," एवढंच म्हणायचे. जमिनीवरून भावांशी फाटलं असणार, असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

या गोष्टींची कधी गरज पडेल असं तिला वाटलं नव्हतं. पण तिच्या मुलीनं, चेतनानं, लग्नासाठी जो मुलगा पसंत केला तोही नंदेश्वर निघाला. प्रशिक नंदेश्वर, रायपूरला लागून असलेल्या बीरगांवचा. मुलगा चांगला, नोकरी चांगली, बोलायला नम्र. फक्त आडनाव तेच. एका आडनावाची माणसं म्हणजे भाऊकी, आणि भाऊकीत लग्न म्हणजे बहीण-भावाचं लग्न. चेतना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर रक्त तपासते. ती म्हणाली, "मम्मी, आप बोलो तो डीएनए करवा लूँ?" भावनाला हसू आलं नाही. तिनं एकाच आशेवर दिवस काढले. मूळ गावं वेगळी निघाली तर आजकाल लोक फार ताणून धरत नाहीत.

त्या रविवारी ती आणि लोकेश बीरगांवला प्रशिकच्या घरी गेले. प्रशिकची आई मीरा हिनं पोहे केले होते. पलंगावर प्रशिकची आजी पाय पसरून बसली होती. नजर बारीक, आवाज खणखणीत. तिनं हवापाण्याचं काही विचारलंच नाही.

"तुमचं गाव कोनतं?"

"धानोरी. साकोलीजवळचं," लोकेश म्हणाला.

यांचं गाव वेगळं निघू दे, म्हणून भावनानं डोळे मिटून घेतले. आजीनं चहाचा कप खाली ठेवला.

"आजोबाचं नाव?"

"देवीदास. रेल्वेत होते इथं."

"हे पहा," आजी म्हणाली, "माझा सासरा देवीदास नंदेश्वर, धानोरीचा. दोन वर्षं रायपूरले रेल्वेच्या कामावर होता. ताप घेऊन गावाले आला न् महिन्याभरात गेला. माझा नवरा तेव्हा रांगत होता. तुमचा देवीदास कधी गेला?"

"चौऱ्याण्णवला."

"धानोरीत देवीदास एकच होता. दुसरा असता तर मले ठाऊक असता."

मीरानं मध्ये तोंड घातलं, "आई, गावात एका नावाचे दोघं असू शकतात ना."

"असन तर मंग भाऊकीच झाली." आजी लोकेशकडे वळली. "बुवा, तुमचा माणूस कोण होता ते शोधून आणा. भाऊकीतला असन तर पोट्टी देऊ नका, आम्ही करणार नाही. न् कोण होता हेच सांगता नाही आलं, तरी करणार नाही. पुढच्या रविवारी या."

चहा तसाच राहिला. परतीच्या वाटेवर एका सिग्नलला लोकेशनं स्कूटर थांबवली आणि मागे न बघता म्हणाला, "भावना, मग मी कोण?"

भावनाला डोळ्यांपुढे फक्त चेतना दिसत होती, घराच्या दाराशी उभी, तोंडावर मुद्दाम बेफिकिरी आणून "क्या हुआ?" विचारणारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावना एकटीच गुढ़ियारीला गेली. आजोबांनी बांधलेल्या त्या दोन खोल्यांत आता लोकेशच्या सुशीलाआत्या राहतात, आजोबांची धाकटी आणि लाडकी मुलगी. आत्या सुपात लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. भावनानं बीरगांवला जे घडलं ते सगळं सांगितलं. आत्यांचा हात थांबला नाही.

"मेलेल्या माणसाले काहून उकरून राहिली तू?"

"आत्या, चेतनाचं लग्न मोडेल."

आता हात थांबला. आत्यांनी सूप बाजूला सारलं, उठून दार लोटलं आणि पुन्हा बसल्या.

"आईची पेन्शन तर बंद झाली ना?"

"आत्या, आजी जाऊन चौदा वर्षं झाली."

"मले ठाऊक आहे. पण आता रेल्वेवाले मागे तर नाही लागणार?"

"कुणाच्या मागे लागतील?"

आत्या जरा विचार करून म्हणाल्या, "हव, तेही खरं." आणि मग जे इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं ते एका दमात बाहेर आलं.

आजोबांचं खरं नाव डोमा. डोमा बागडे, आमगावकडच्या चिखलटोल्याचे. बाप लहानपणीच गेला, घरात आई आणि एक बहीण. सतराव्या वर्षी कामाच्या शोधात रायपूरला आले, तेव्हा ठेकेदाराच्या गँगमध्ये जागा नव्हती. ते गँगवाल्यांचा स्वयंपाक करायचे, पाणी भरायचे आणि त्यांच्याच झोपडीत निजायचे. त्यांना झोपडीत घेणारा माणूस म्हणजे धानोरीचा देवीदास नंदेश्वर.

"त्याले ताप भरला. गावाले जायचं होतं, पण जागा गेली असती. तो बाबाले म्हणे, डोमा, मी येतपर्यंत माझी जागा धर. सकाळी मुकादमानं पुकारलं, देवीदास. बाबा म्हणे, हाजिर. मुकादमानं वर पाहिलं. पण त्याले तर माणसं मोजून पाहिजे होती, तोंडं नाही. केली हजेरीवर खूण."

दोन महिने डोमानं जागा धरून ठेवली. मग धानोरीकडून येणाऱ्या कोणीतरी निरोप आणला की देवीदास गेला. डोमा मुकादमापुढे जाऊन उभा राहिला, खरं सांगायला. मुकादम म्हणाला, आता तूच देवीदास, नाही तर उद्यापासून येऊ नको. पुढे गँगची माणसं रेल्वेत पक्की झाली तेव्हा कागदावर तेच नाव, तोच बाप, तेच गाव चढलं.

"वयसुद्धा त्याचंच," आत्या म्हणाल्या. "म्हणून तर बाबा सहा वर्षं आधीच रिटायर झाले. धडधाकट माणूस, घरी बसून चिडचिड करे. आई म्हणे, दुसऱ्याचं म्हातारपण आणलं तुम्ही घरात."

भावनाला एकाएकी लोकेशच्या शेवंताआजी आठवल्या. लग्नाकार्यात सगळ्या बायका नाव घेण्याचा आग्रह करायच्या तेव्हा आजी पदर तोंडाला लावून हसत बसायच्या. ऐंशी वर्षांची म्हातारी अजून नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते, म्हणून सगळ्यांना कौतुक. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. आजी जन्मभर खोटं बोलल्या नाहीत, कारण त्यांना ते नाव उच्चारावंच लागलं नाही.

"आणि बाही?" भावनानं विचारलं.

आत्यांनी स्वतःचा डावा हात उघडा करून मनगटाच्या वर बोट ठेवलं. "इथं गोंदलं होतं. डोमा. बहिणीनं जत्रेत गोंदवून घेतलं होतं लहानपणी. शेवटची आंघोळ घातली तेव्हा पाहिलं मी. पण नाव मले आधीच ठाऊक होतं. सालातून एकदा बाबा म्हणत डोंगरगडले ड्यूटी आहे, न् मले सोबत नेत. आम्ही जाऊ चिखलटोल्याले. तिथं सगळे त्याईले डोमा म्हणत. येताना स्टेशनवर जिलेबी. सुशे, घरी नाही सांगायचं."

पण भावनाचा स्वभावच असा की तिला अर्ध्यावर सोडून चैन पडत नाही. बीरगांवची आजी उद्या म्हणेल, आत्याच्या बोलण्याला पुरावा काय?

"तिथं अजून कोणी आहे का, आत्या?"

"आहे ना. माझा आतेभाऊ. तिळसंक्रांतीले फोन करते मी त्याले. इकडे आण तो मोबाइल."

फोन विकी नावाच्या नातवानं उचलला, "दादाजी, रायपूर से," म्हणत कोणाला तरी नेऊन दिला. स्पीकरवर आधी खोकला आला, मग एक थकलेला आवाज.

"कोण? डोमामामाची सुशी का?"

भावना तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली. आत्यांखेरीज दुसऱ्या कोणाच्या तोंडून हे नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती. आणि म्हाताऱ्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, तो लगेच गुडघ्यांच्या तक्रारीवर गेला.

पुढच्या रविवारी ते बीरगांवला गेले तेव्हा आत्याही सोबत होत्या, आणि चेतना. चिखलटोल्याचा फोन पुन्हा लावला गेला. बीरगांवच्या आजीनं त्या म्हाताऱ्याला पोलिसासारखे प्रश्न विचारले: डोमाच्या आईचं माहेर कोणतं, बहीण कुठे दिली, गोंदण कोणत्या हातावर. सगळी उत्तरं आत्यांनी सांगितलेल्याशी जुळली. बागडे आणि नंदेश्वर. दूरदूरपर्यंत भाऊकी नाही.

पण फोन ठेवून आजी हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. भावनाला वाटलं, हिच्या सासऱ्याचं नाव आपल्या माणसानं नेलं, हे आता लागलं असेल तिला.

"तुमच्या म्हाताऱ्यानं," आजी शेवटी लोकेशला म्हणाली, "माझ्या सासऱ्याच्या नावावर कामचोरी तर नाही केली?"

लोकेश गोंधळला. सुशीलाआत्या पिशवीत हात घालत म्हणाल्या, "थांबा." त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. निवृत्तीच्या दिवशी साहेबानं दिलेलं पत्र होतं. प्रशिकनं ते वाचून दाखवलं: श्री देवीदास नंदेश्वर, गँगमन, पस्तीस साल की सेवा, आचरण उत्तम, एक दिन भी बिना सूचना के अनुपस्थित नहीं.

"पुन्हा वाच," आजी म्हणाली. त्यानं पुन्हा वाचलं.

"माझ्या सासऱ्याचा एक फोटोसुद्धा नाही आमच्याजवळ. धानोरीत विचारलं तर म्हणत, दोन वर्षं कुठंतरी गेला न् मरायले आला." तिनं कागद हातात घेतला, उलटासुलटा पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. "नाव तर चांगलं चालवलं तुमच्या डोमानं. हे माझ्याजवळ राहू द्या दोन दिवस."

"ठेवा ना," आत्या म्हणाल्या.

"न् ऐका. आमचं नाव नेलं तुम्ही, आता तुमची पोट्टी आम्ही नेतो. झाली बरोबरी."

चेतना प्रशिककडे बघून हळूच म्हणाली, "सरनेम भी चेंज नहीं करना पड़ेगा." मीरा फसकन हसली. पोहे पुन्हा आले, चहा आला. भावनानं या वेळी कप हातात घेतला आणि गरम असतानाच संपवला.