छतावरच्या रेघा

दिनकर माळी गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पुस्तकाची मुद्रिते तपासत होतो. त्याची पत्नी, इंदुवहिनी, एवढेच म्हणाल्या, "मास्तर, ह्ये पहाटं झोपेतच गेलं. तुमी या." हातातले पान मी पुरे केले आणि मग उठलो. असे का केले, हे आज सहा आठवड्यांनंतरही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते पान पुन्हा पाहिले. त्यावरची एकही चूक मला दिसलेली नव्हती.

कोल्हापुरात पूर्वी मुलांचे एक मासिक निघत असे. शाळा सांभाळून मी त्याचे संपादन करी आणि दिनकर चित्रे काढी. नृसिंहवाडीहून तो एस.टी.ने पहिल्यांदा आला तेव्हा जेमतेम विशीत होता. काखेत कागदांची गुंडाळी, बोटांना काळी शाई. राजदरबाराचे चित्र आणले होते. सिंहासन, प्रधान, चवरीवाले, सारे नेटके. फक्त दरबाराच्या छतावर बारीक नागमोडी रेघा होत्या, एकीत एक गुंतलेल्या, कोणी वर जाळे फेकावे तशा. "हे काय?" मी विचारले. "असू द्या की मास्तर. बरं दिसतंय तितं." कारण नसलेली रेघ माझ्या मासिकात चालत नसे. पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली काढली आणि त्याच्यादेखत छत कोरे करून टाकले. 

पुढच्या महिन्यात शिंप्याचे दुकान आले, त्याच्या आढ्यावर त्याच रेघा. मग शाळेचा वर्ग, मग मोदीखाना, मग वाघाची गुहा... गुहेतही. मी पुसत राहिलो. "मास्तर, चुना संपला आसंल तर सांगा, येताना आणतो," असा टोमणा तो मारी आणि चहा पिऊन जाई. मासिक बंद पडेपर्यंत, वीसएक वर्षे, ना त्याने रेघा सोडल्या ना मी रंग. एकदाच मी चिडलो. गोष्ट दुष्काळाची होती. "माणसे पाण्यावाचून तडफडताहेत आणि तुझ्या छतावर ही वेलबुट्टी?" दिनकर कागद गुंडाळत म्हणाला, "दुष्काळात तर लागतीच की ती." मला वाटले, उद्धटपणा आहे. त्याच्या एका सत्कारात कोणीतरी त्याला विचारले होते, प्रेरणा कुठून मिळते? "मास्तर तारखेला चित्रं मागत्यात, त्या भ्यानं," तो म्हणाला. सभागृह हसले. मला ते उत्तर खरे वाटले होते.

शेवटची भेट त्याच्या घरी झाली. तो अंथरुणाला खिळला होता. सकाळी नऊचा सुमार असेल. खिडकीच्या कट्ट्यावर पितळेची परात पाण्याने भरून ठेवलेली होती. कोवळे ऊन तीत उतरले होते आणि वर, सिमेंटच्या स्लॅबवर... मी खुर्चीत बसलो तो वरच पाहत राहिलो. छतावर उजेडाच्या रेघा हलत होत्या. एकीत एक गुंतत, सुटत, पुन्हा गुंतत.

"आत्ता दिसलं व्हय?" दिनकर म्हणाला.

मग तो सावकाश बोलला. मध्येच डोळे मिटी, पुन्हा उघडी. वाडीला पूर चढला की गाव देवाच्या पादुकांवरून वाहणाऱ्या पाण्यात स्नानाला धावे, आणि तेच पाणी त्यांच्या घरात शिरे. पोरांना माळ्यावर चढवत. खाली गुडघाभर पाण्यात आई धान्य उपसत असे. उघडीप झाली की दारातून ऊन आत येई आणि कौलांखालचे वासे हलू लागत. अख्खे घर जणू आतून वाहू लागे. "खाली आई रडत हुती मास्तर, आन् मी उताणा पडून वर बगत हुतो. इतकं चांगलं दिसतंय, ह्याची लाज वाटायची. कुनाला सांगितलं न्हाय कधी." नंतर कोल्हापुरात राहायला आल्यावर त्याला पूर मिळेना, म्हणून त्याने परात धरली. आलेली गोष्ट वाचायची, कागद छातीवर ठेवायचा, उताणे पडायचे. "वर हलाय लागलं की मग खालची मानसं दिसत्यात."

इतकी वर्षे मी काय पुसत आलो, ते मला तेव्हा कळले. त्याच वेळी बोलता आले असते. "तुझ्या औषधाची वेळ झाली," एवढेच मी म्हणालो.

मासिकाची मूळ चित्रे माझ्याकडे ट्रंकेत होती. दिनकरची शाई पाण्याने न जाणारी, माझा रंग पाण्याने जाणारा. तेव्हा ओल्या कापसाने पांढरा थर उतरवता येईल, असे वाटले. तेराव्यानंतर ट्रंक त्याच्या खोलीत नेली. आता रोज सकाळी तिथे बसून एक चित्र घेतो.  दोन कागद फाटले, त्यांना इलाज नाही. बाकीच्यांत रेघा वर येतात, थोड्या करड्या, पण शाबूत. "छापून झालं की मास्तर, आता कुनासाठी?" वहिनींनी विचारले. मी कापसाचा नवा बोळा वळला. 

परात त्या अजून भरून ठेवतात. कापूस मी तिच्यातच भिजवतो. बोळा बुडवला की छतावरचा उजेड विसकटतो. तो पुन्हा जुळून येईपर्यंत मी कागदाला हात लावत नाही.