मर्विनचा आवाज कमी करा

मर्विन कोवालिशिनला या जगात काहीच आवडत नाही असं लोक म्हणतात. खोटं आहे. त्याला माझ्या हातची ग्रेव्ही आवडते, गरम तळलेल्या बटाट्यांवर ओतलेली. बाउल चाटूनपुसून साफ करतो आणि मग तोंड वाकडं करून म्हणतो, "मागच्या शनिवारी बरी होती." दर शनिवारी हेच. स्टॅन्वुड गावच्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंकमधलं कँटीन मी चालवायला घेतलं तेव्हा माझे केस काळे होते, तेव्हापासून मी ही "मागच्या शनिवारची" ग्रेव्ही शोधते आहे.

त्याची जागा ठरलेली. माझ्या खिडकीला लागून सगळ्यात वरचा बाक, कारण अख्ख्या रिंकमध्ये चालणारा हीटर तेवढाच, आणि तो बरोबर मर्विनच्या टकलावर. गव्हाच्या कोठारात धान्य वर नेणाऱ्या घरघरत्या पट्ट्यांशेजारी जन्म काढलेला माणूस, त्यामुळे कुजबुज म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. खाली बर्फावर पोरींचा सामना चाललेला असतो, चेंडूऐवजी रबरी चकतीचा, वर याच्या तोंडाचा पट्टा. ऐकायला मी एकटी, आणि मलाही दुसरा पर्याय नाही.

"टीव्हीवरचे ते समालोचक बघितलेस, नेटी? सुटातली चार माणसं एका टेबलाशी बसतात आणि एकमेकांना 'अगदी बरोबर' म्हणतात. त्याचे पैसे मिळतात त्यांना! चकती कुठे आहे ते सांगायचं सोडून हा खेळाडू लहानपणी कोणत्या तळ्यावर खेळला ते सांगत बसतो. अरे बाबा, आम्ही सगळेच तळ्यावर खेळलो. तिकडे गोल झाला, तो सांग!"

शिट्टी वाजली की रिंकमध्ये टाळ्या वाजवायला लावणारं गाणं लागतं. मग संगीताची पाळी. "हे गाणं आहे? गिरणीत बोट सापडल्यावर माणूस याहून सुरात ओरडतो." आणि सिनेमा? हॉकीवरचा एक सिनेमा त्याने शेवटपर्यंत पाहिलेला नाही. नायक बर्फावर असा चालतो, म्हणे, जसा काय हातात सूपचं ताट आहे. आणि शेवटचा गोल नेहमी शेवटच्या क्षणी. "खरा शेवटचा गोल हरणाऱ्यांनी गोलकीपर काढून घेतल्यावर रिकाम्या जाळ्यात होतो, नेटी, आणि तोवर लोक गाड्या गरम करायला बाहेर गेलेले असतात." नाताळात टीव्हीवर ते गोड सिनेमे लागतात ना, शहरातली बाई छान कोट घालून गावी परत येते आणि बेकरी चालवते, ते तर तो चिडण्यासाठीच बघतो. "बर्फ खोटा आहे! पायाखाली कुरकुरत नाही. आणि आपल्या गावात कोट घालून कोण परत आलंय? बेकरी बंद पडून पोरं म्हातारी झाली."

खरं सांगू, चुकीचं तो फारसं बोलत नाही. तेच तर दुखणं आहे.

याच जिभेपायी त्याचा सख्खा भाऊ गेला. मेला नाही, बोलायचा थांबला. ओरेस्ट थोरला. त्याचा बँड होता, तो स्वतः अकॉर्डियन वाजवायचा. आमच्या भागातलं एक लग्न असं नाही की ज्यात ओरेस्टच्या अकॉर्डियनवर लोक घामाघूम झाले नाहीत. बँडला पंचवीस वर्षं झाली म्हणून हॉलमध्ये नाच ठेवला होता. मध्येच कोणीतरी अक्कल गहाण ठेवून मर्विनच्या हातात माईक दिला. भाऊ आहेस, दोन शब्द बोल. मर्विन उभा राहिला आणि म्हणाला, "ड्रम मागे राहतोय, अकॉर्डियन पुढे पळतंय, आणि बिचारं व्हायोलिन मधल्या मध्ये आई शोधतंय." सगळा हॉल हसला. मीही हसले. ओरेस्टने त्याच्या हातातला माईक हिसकावून घेतला, अकॉर्डियन पेटीत घातलं, आणि त्याला दहाबारा वर्षं झाली.

मर्विनने माफी मागितली नाही. "मत म्हणजे मत," म्हणाला. "परत करायला ते काय शेजाऱ्याचं फावडं आहे?" एवढा ताठा! पण दर नाताळला त्याचा ट्रक ओरेस्टच्या शेताच्या फाट्यावर इंजिन चालू ठेवून उभा असतो, हे मी स्वतः पाहिलंय. बसतो, बसतो आणि माघारी वळतो. आणि बटाटे खाता खाता मध्येच विचारतो, अगदी सहज विचारल्यासारखं, "ओरेस्टकडचा रस्त्यावरचा बर्फ हल्ली काढतं कोण?" मी म्हणते, तूच विचार की. मग लगेच त्याला टीव्हीवरचं काहीतरी आठवतं.

ओरेस्टची फुप्फुसं गेली. नाकात ऑक्सिजनची नळी, घराबाहेर पडणं बंद. त्याची नात टेरिन आमच्या पोरींच्या संघात गोलकीपर. ज्यांना येता येत नाही अशांना घरबसल्या सामने दिसावेत म्हणून रिंकच्या कमिटीने यंदा छताला कॅमेरा बसवला आणि माईक लावला. प्लग होता एकच, हीटरजवळचा. म्हणून माईक तिथेच, खांबावर. त्या खांबाखाली कोण बसतं याचा विचार कमिटीतल्या एकाही शहाण्याने केला नाही.

आठवड्याभरात ओरेस्टची बायको स्टेला माझ्याकडे आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि खिडकीतून आत वाकली.

"अगं नेटी, टॅबवर सामना दिसतो, जरा उशिरा का होईना, पण ऐकू फक्त मर्विन येतो."

"अगं बाई! म्हणजे सगळं?"

"सगळं. सिनेमा, गाणी, पंचाचे डोळे, तुझी ग्रेव्ही. ते वृद्धाश्रमातले लोक तर मोठ्या टीव्हीवर लावतात म्हणे, मोठ्या लीगचा सामना सोडून." तिने आवाज आणखी खाली आणला. "आमचे हे मांडीवर टॅब घेऊन बसतात आणि हसतात गं. नळी लागल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितलं. मर्विन म्हणाला ना, की टेरिन गोलच्या खांबाला अशी चिकटून उभी राहते जसं त्याच्याशी लग्न लागलंय, तर हसता हसता ठसका लागला. मी विचारलं, भावाचं ऐकताय वाटतं? तर म्हणे, मी सामना ऐकतोय. तू मर्विनला सांगू नकोस हं. कळलं की बिघडेल तो."

मी तोंडाला कुलूप लावलं. पण ग्लेन फ्रीसन मध्ये तडमडला. ग्लेन म्हणजे कमिटीचा अध्यक्ष, ट्रॅक्टर विकतो. रिंकच्या कठड्यावर त्याच्या ट्रॅक्टरची हीऽऽ एवढी जाहिरात आहे, आणि चकती तिच्यावर आपटली की मर्विन ओरडतो, "बघा, त्या ट्रॅक्टरला आज पहिल्यांदा कोणीतरी हलवलं!" हे साऱ्या गावाने घरी बसून ऐकलं. ग्लेन लालबुंद होऊन माझ्याकडे आला.

"अजून एकदा ट्रॅक्टरचं नाव त्याच्या तोंडून निघालं, तर माईक काढून मी पलीकडच्या टोकाला लावीन. प्लग नवा बसवावा लागला तरी चालेल."

आता मी काय करावं? माईक हलला तर ओरेस्टच्या घरात मर्विनचा आवाज बंद. आणि ट्रॅक्टरचं नाव घेऊ नकोस असं मर्विनला नुसतं सांगितलं, तर तो दुसरं काही बोललाच नसता. शेवटी मी सांगून टाकलं. माईक, टॅब, ग्लेन, ओरेस्ट, सगळं.

मर्विनच्या हातातला काटा तसाच राहिला. "ओरेस्ट ऐकतो?"

"आवाज मोठा करून."

"काय म्हणतो?"

"काही नाही. हसतो."

"कशाला हसतो?"

"तुला, गाढवा!"

त्या दिवशी त्याने बटाटे अर्धे टाकले आणि ग्रेव्हीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

पुढच्या शनिवारी तो टाय लावून आला. देवाशप्पथ, टाय! लोकरीची टोपी काढलेली, उरलेसुरले चार केस पाणी लावून बसवलेले. बसला, घसा साफ केला आणि खांबाकडे तोंड करून सुरू झाला. "नमस्कार, हॉकीप्रेमी मित्रहो! आज आपण एका रोमहर्षक लढतीचे साक्षीदार होणार आहोत." मी तेलातला झारा तसाच धरून उभी. मग काय काय झालं! टेरिन कोणत्या तळ्यावर खेळायला शिकली ते झालं. ग्लेनचे ट्रॅक्टर म्हणजे या प्रांताची शान, तेही झालं. टाळ्यांचं गाणं लागलं तर म्हणे, "काय हा उत्साही ठेका!" जन्मभर ज्या ज्या गोष्टींना शिव्या घातल्या त्या सगळ्या एका दुपारी स्वतः करून दाखवल्या मेल्याने. त्या टेबलाशी बसणारे चारही जण याच्या एकट्याच्या अंगात आले होते. वृद्धाश्रमातून ग्लेनला फोन आला, तुमचा आवाज बिघडलाय, दुरुस्त करा.

दुसऱ्या डावात समोरच्या संघातल्या एका पोरीने लांबून, उगाच जाता जाता चकती ढकलली. ती रांगत रांगत आली आणि टेरिनच्या दोन पायांतून आत गेली. आमचे सगळे लोक "अरेरे" म्हणाले. आणि मर्विन ओरडला, "हा गोल जगातला कोणताही गोलकीपर अडवू शकला नसता! टेरिनच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं!"

ऊन. छपराखाली. जानेवारीत.

जेमतेम एक मिनिट गेलं असेल. माझ्या भिंतीवरचा फोन वाजला.

"नेटी," पलीकडून आवाज आला, धाप लागलेला पण खणखणीत. "तो गाढव आहे का तिथे?"

ओरेस्ट! मी झारा खाली ठेवला. "आहे. देऊ का?"

"मी त्याच्याशी बोलत नाही. तू सांग त्याला. आमच्या आईने तो गोल स्वयंपाकघरातल्या झाडूने अडवला असता. माझ्या नातीबद्दल खोटं बोललेलं मी खपवून घेणार नाही. तो वाटेल तसा असेल, पण खोटारडा नव्हता कधी."

मी खिडकीतून बाहेर तोंड काढून सगळं सांगितलं. मर्विनचा चेहरा टायच्या वर पांढराफटक पडला.

"त्याला सांग," तो म्हणाला, "मी चांगलं बोलत होतो."

"तो म्हणतो, चांगलं बोलत होता," मी फोनमध्ये सांगितलं.

"त्याला सांग, चांगलं ऐकायचं असतं तर मी टीव्ही लावला असता." मागे ऑक्सिजनचा फसफस आवाज. "आणि त्याला सांग, ड्रम मागे राहत होता. ते मला तेव्हाही कळत होतं. पण अकॉर्डियन पुढे पळत नव्हतं."

तेही मी सांगितलं. कँटीनपुढच्या रांगेत बटाट्यांचं कोणी नाव काढत नव्हतं. मर्विन उठला. टाय सैल केला, खिडकीशी आला आणि माझ्या हातातून फोन घेतला. मी डोळ्यांनी त्याच्या अक्षरशः पाया पडले. हो म्हण रे मेल्या, एकदा हो म्हण! इतक्या वर्षांनी तो दार उघडतोय, हो म्हणायला तुझं काय जातं?

"ओरेस्ट," मर्विन म्हणाला, "अकॉर्डियन पुढे पळत होतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, ठेवला त्याने फोन.

"किती?" ओरेस्टने विचारलं. एवढा मोठ्याने की मलाही ऐकू आलं.

"अर्धी मात्रा."

"पाव."

"अर्धी, ओरेस्ट."

"पावच होती! आणि पुन्हा पुन्हा काय तेच? पुढे पळत होतं, पुढे पळत होतं!"

"मी एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा तुझा टॅब बोलला, तो मागून येतो. मी माईकखालीच उभा आहे."

"मग नीट सांग. सगळ्या गाण्यांत?"

"नाही." मर्विनने बर्फाकडे पाठ केली. खाली काय चाललंय याची शुद्ध नव्हती त्याला. "शेवटच्या दोनांत नाही. शेवटची दोन चांगली होती. मी इतकं चांगलं कुणाचंच ऐकलेलं नाही, आजवर."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू माईक हिसकावलास ना. मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो."

मला रडू फुटलं, आणि तेवढाच रागही आला. दहाबारा वर्षं! एका वाक्यासाठी! दोघांच्या डोक्यात झारा घालावासा वाटला.

"ओरेस्ट?" मर्विन म्हणाला. "ऐकतोयस ना?"

"गप्प बस," ओरेस्ट म्हणाला. "जरा थांब. ते टॅबवर यायचंय अजून."

मर्विन गप्प उभा राहिला. आम्ही सगळेच राहिलो. मग फोनमधून, त्या फसफशीच्या मागून, मर्विनचाच आवाज आला, लांबून आल्यासारखा, शेवटची दोन चांगली होती म्हणणारा. मी वळले आणि ग्रेव्ही पुन्हा गरम करायला ठेवली.