दोनहाक्या

शिव्या ऐकून घ्याव्यात तर त्यानंच. कुणी सुरुवात केली की तो हातातलं काम खाली ठेवी, डोक्याचं फडकं काढून खांद्यावर घेई आणि समोर उभा राही. मध्ये बोलत नसे, मान खाली घालत नसे, रागावतही नसे. देणाऱ्याचा दम संपला की विचारी, "झालं का?" झालं म्हटलं की फडकं पुन्हा डोक्याला बांधून कामाला लागे. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, शिव्यांच्या बाबतीत रिठदपर्यंत नावाजलेल्या होत्या. त्याही एकदा थकून मला म्हणाल्या, "ह्या मानसाले शिव्या देनं म्हनजे भुईत पानी वतनं हाय. सारं जिरून जाते."

गाव त्याला दोनहाक्या म्हणे. तोंडावर मी काकाजी म्हणत असे, पण मनात गावानं दिलेलं नावच राहिलं, म्हणून इथंही तेच लिहिते.

हे नाव त्याला मिळालं तेव्हा मी त्या घरात आलेली नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आपल्या वावरात विहीर खोदायला घेतली होती. आमच्या बौद्धपुऱ्यातल्या माणसाची स्वतःची विहीर होणार, हे गावातल्या काही लोकांना रुचलेलं नव्हतं. खाली काळा पाषाण लागला तेव्हा सुरुंग लावायला मानोऱ्याकडच्या एका माणसाला बोलावलं. तोच हा. वात पेटवण्याआधी तीन हाका द्यायच्या, अशी त्या कामाची रीत. तिसऱ्या हाकेनंतर कुणी जागचं हलायचं नाही. त्या दिवशी त्यानं दोनच हाका दिल्या. मामाजी दूर निंबाखाली बसले होते आणि त्यांच्या नव्या वहाणा विहिरीच्या काठावर राहिल्या होत्या. तिसरी हाक अजून बाकी आहे, तेवढ्यात घेऊन येऊ, म्हणून ते उठले. काठाशी पोचले आणि सुरुंग उडाला. वहाणांना काही झालं नाही.

अकोल्याच्या दवाखान्यातून मामाजी परत आले ते दोन्ही डोळे गमावून. दोनहाक्या तर त्याआधीच गेला होता. मामाजी रक्तात पडलेले दिसताच तो जो पळाला तो वाशीमच्या स्टेशनापर्यंत थांबला नाही. तिथून गाडीनं खंडव्याला गेला, नाव बदललं आणि एका हॉटेलात कपबशा धुवायला राहिला. इकडे विहीर अर्धी तशीच पडून राहिली. तिच्यात उतरायला कुणी तयार होईना, आणि मामाजींनीही कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी मी त्या घरात आले. लग्नाला दोनेक महिने झाले असतील. सकाळी मी अंगण झाडत होते. एक उंच, वाळलेला माणूस खांद्यावर पहार घेऊन फाटकापाशी येऊन उभा राहिला. मामाजी ओट्यावर बसले होते.

"जयभीम, संपतभाऊ," तो म्हणाला.

मामाजींनी आवाज ओळखला. त्यांचा चेहरा पाहून मी झाडू थांबवला.

"काहून आला?" त्यांनी विचारलं.

"हीर पुरी कराले."

"माह्या वावरात पाय ठेवू नको."

"बरं," तो म्हणाला आणि निघून गेला. मला वाटलं, मिटलं. पण तो गेला तो थेट आमच्या वावराकडे. वावरात पाय ठेवला नाही. वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून सरकारी पांदणवाट होती, तिच्यावर जाऊन बसला. दिवसभर तिथं बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. मारुतीच्या पारावर झोपे, सकाळी येऊन पांदणीवर बसे. आत्याबाई रोज जाऊन त्याला शिव्या देत, तो रोज उभा राहून ऐकून घेई. गावातली माणसं कापूस वेचायला जाताना मुद्दाम त्या बाजूनं जाऊ लागली.

एकदा मी त्याला विचारलं, "काकाजी, आता इतक्या दिवसांनी काहून आले तुमी?"

तो म्हणाला, "मले वाटलं होतं संपतभाऊ मेला. मेलेल्या मानसाची माफी कशी मांगाव? म्हनून निवांत होतो. मंग आपल्याकडचा एक जन खंडव्याच्या स्टेशनावर भेटला. तो म्हने, मेला नाही, आंधया झाला. जिता हाय म्हटल्यावर पंचाईत झाली."

मी हे घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामाजी मला म्हणाले, "चाल, मले पांदनीवर ने." मी हात धरून नेलं. दोनहाक्या उठून उभा राहिला आणि सवयीनं फडकं काढून खांद्यावर घेतलं. पण मामाजींना शिव्या द्यायच्या नव्हत्या.

"एक गोठ इचारतो," ते म्हणाले. "कोनं सांगतलं होतं तुले? पाटलाच्या मानसानं का आनखी कोनं? आमची हीर होऊ नये म्हनून कोनं पैसे देल्ले?"

मामाजींनी इतकी वर्षं अंधारात बसून हाच हिशोब मांडला होता, हे तोवर आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कोनीच नाही," दोनहाक्या म्हणाला.

"मंग तिसरी हाक काहून नाही देल्ली?"

"भूक लागली होती. घाईत पेटवून देल्ली."

पांदणीवर वारं सुटलं होतं. एखाद्या शत्रूनं डोळे काढले असते तर माणूस त्याचा राग तरी धरू शकतो. भुकेचा राग धरायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती. दुष्काळ सगळ्यांनीच पाहिला होता.

"मंग जेवला का तवा?" शेवटी मामाजींनी विचारलं.

"नाही. पयालो ना."

"सूनबाई," मामाजी मला म्हणाले, "याले घरी घेऊन चाल. भाकर दे."

तो आमच्या घरी ओट्यावर बसून जेवला. तो शेतकरी घरातला हिंदू माणूस; त्या काळी आमच्या घरचं पाणीसुद्धा गावातली पुष्कळ माणसं पीत नसत. त्यानं दोन भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि आणखी मागितलं. सुरुंगाबद्दल गाव जेवढं बोललं नव्हतं तेवढं त्या भाकरींबद्दल बोललं. मारुतीच्या पारावर त्याला पुन्हा झोपू दिलं नाही. तो गोणपाट घेऊन आमच्या गोठ्यात आला.

नाव बदलून राहण्यात त्याचा जन्मभराचा खोटेपणा खर्च झाला असावा. परत आल्यावर तो विचारलं ते सरळ सांगे. मामाजींनी एकदा त्याला विचारलं, "आमची सूनबाई दिसाले कशी हाय? हे घरचे सारे चांगलीच म्हनतात." मी तिथंच तांदूळ निवडत होते. त्यानं माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "सावळी हाय. नाक बरं हाय. चालते जराशी फेंगडी," तो म्हणाला. मामाजी समाधानानं म्हणाले, "हा. चालन्याचं मले आवाजावरून वाटलंच होतं." मी दोन दिवस दोघांनाही ताक दिलं नाही.

मामाजींनी आता त्याला वावरात येऊ दिलं, आणि विहिरीचं काम सुरू झालं. सुरुंगाला त्यानं पुन्हा हात लावला नाही. छिन्नी, घण आणि पहार घेऊन तो खाली उतरे आणि पाषाण फोडत बसे. माझे यजमान मजुरीला जात, म्हणून वर माणूस नव्हता. मामाजी म्हणाले, "दोर मी ओढतो. दोर ओढाले डोये लागत नाही." तेव्हापासून तो खाली दगड फोडून टोपली भरी, मामाजी चाकावरून दोर ओढत, आणि मी टोपली बाजूला घेऊन रिकामी करत असे. ते पाहायला पहिल्या दिवशी बरीच माणसं जमली होती. कुणी बोलत नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट होती. ती आत्याबाईंनी बोलून दाखवली.

"अवो," त्या मामाजींना म्हणाल्या, "हातातून दोर सुटला तं कोनी काही म्हननार नाही तुमाले."

"मले मालूम हाय," मामाजी म्हणाले.

विहिरीत वरचं बोलणं साफ ऐकू जातं. खाली छिन्नीचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

आणि एके दुपारी दोर खरोखरच सुटला. भरलेली टोपली अर्ध्यातून खाली गेली. मी काठावर वाकून ओरडले, "काकाजी, लागलं का?"

"नाही लागलं," खालून आवाज आला.

संध्याकाळी तो वर आला तेव्हा त्याचा डावा पाय सुजून आलेला मी पाहिला. त्यानं मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. परत आल्यापासून तो एवढं एकच खोटं बोलला. पण सकाळी तो अंगणातून जात असताना मामाजी म्हणाले, "डावा पाय वढून राह्यला तू."

"हो."

"कालची टोपली लागली."

"हो."

"म्या मुद्दाम सोडली नाही."

"मले मालूम हाय."

"कसं काय मालूम?"

"मुद्दाम सोडली असती तं डोक्यावर पडली असती," दोनहाक्या म्हणाला. "तुमचा हात नेमका हाय."

मामाजी हसले. मी त्या घरात आल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. आत्याबाई चुलीपुढून उठून बाहेर आल्या, दोघांकडे पाहिलं आणि परत आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी दोनहाक्याच्या पायाला हळद-तेल लावलं. लावताना शिव्या दिल्याच, पण त्या दुसऱ्याच जातीच्या होत्या.

पाणी लागायला पुढचा उन्हाळा यावा लागला. खालून तो इतकंच म्हणाला, "ओल लागली." मामाजी म्हणाले, "वर धाड." टोपलीतून चिखलाचा एक गोळा वर आला. मामाजींनी तो हातात घेतला, गालाला लावला, मग दुसऱ्या गालाला लावला, आणि तसेच मातीच्या ढिगावर बसून राहिले. मला वाटलं रडतील. ते म्हणाले, "गार हाय."

पावसाळ्यापूर्वी कठडा बांधून झाला आणि दोनहाक्या गोठ्यातली गोणपाटं झाडायला लागला. मामाजींना ते ऐकू आलं.

"चाल्ला का?"

"हो. मानोऱ्याकडं माय हाय म्हातारी. तिलेही न सांगता गेलतो. तिच्या शिव्या बाकी हायत."

"जा," मामाजी म्हणाले. "पन यावेळी सांगून जा."

मामाजींना म्हणायचं होतं ते एवढंच, की निघताना मला हाक मार. त्यानं त्याचा अर्थ फार मोठा घेतला. तो गावात घरोघर गेला. आमच्या पुऱ्यात गेला, पाटलाच्या वाड्यावर गेला, ज्यांनी पारावरून उठवलं होतं त्यांच्याही दारात गेला. प्रत्येक ठिकाणी "मी चाल्लो, सांगाले आलो" म्हणाला आणि काही ऐकवायचं असेल तर ऐकून घ्यायला थांबला. या खटपटीत मानोऱ्याच्या वाटेवरची मंगरूळपीरची बस निघून गेली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा घरोघर सांगायला निघाला तेव्हा लोक म्हणाले, बाप्पा, आमाले कालच कळलं.

त्या दिवशी मामाजी स्वतः फाट्यापर्यंत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. बस आली. दोनहाक्यानं मामाजींचा हात हातात घेतला, सोडला आणि पहार घेऊन चढला. कंडक्टरनं पहारीवरून कुरकूर केली, तीही त्यानं पूर्ण ऐकून घेतली. बस हलली.

"बसला का नीट?" मामाजींनी मला विचारलं.

"बसले. खिडकीत हायत. तुमाले हात करून राह्यले."

मामाजींनी घाईनं हात वर केला. धुळीकडे तोंड करून ते कितीतरी वेळ हात हलवत राहिले. बस वळणाआड गेली होती आणि त्यांचा हात फाट्यावरच्या रिकाम्या पानठेल्याकडे होता. मी काही सांगितलं नाही. हात दुखायला लागल्यावर त्यांनी आपणच तो खाली घेतला, आणि आम्ही घरी आलो.